कुलपाचे चिन्ह काय सांगते, काय सांगत नाही

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एखाद्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात डोकावले, तर हिशेबाचे सॉफ्टवेअर त्यावर नीट चालते म्हणून विंडोज ७ चा संगणक अजून वापरात दिसतो आणि सुताच्या व्यापाऱ्याचे पैसेही त्यावरूनच नेटबँकिंगने पाठवले जातात. क्रोम या ब्राउझरने २०२३ च्या आरंभी विंडोज ७ साठी नव्या आवृत्त्या देणे थांबवले. जुना क्रोम चालू राहतो, पण त्यानंतर सापडलेल्या त्रुटी त्यात तशाच राहतात. शिवाय नव्या आवृत्तीत काय दुरुस्त झाले हे पाहून जुन्या आवृत्तीत कोठून शिरता येईल, हे भामट्यांना कळते.

क्रोम, एज आणि ब्रेव्ह हे तिन्ही क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत, तर फायरफॉक्सचा पाया वेगळा आहे. आपण कोणती संकेतस्थळे पाहतो याचा मागोवा घेणाऱ्यांना आळा घालण्यात ब्रेव्ह आणि फायरफॉक्स पुढे आहेत. बाकी वेळेवर अपडेट होणारा यांपैकी कोणताही चालेल, असे माझे मत आहे. प्रोसेसरमधील ‘स्पेक्टर’ ही उणीव २०१८ मध्ये उघड झाली, त्याच वर्षी क्रोमने संगणकावर प्रत्येक संकेतस्थळ स्वतंत्र प्रक्रियेत चालवण्यास सुरुवात केली, जेणेकरून एका टॅबमधील फसवे पान दुसऱ्या टॅबमधील बँकेच्या माहितीपर्यंत पोहोचू नये. मात्र ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ ही परवानगी आपणच एखाद्या फुकट एक्स्टेन्शनला, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरला, दिली, की ही भिंत निरुपयोगी ठरते.

पत्त्याशेजारच्या कुलपावर लोकांचा भलताच विश्वास असतो. ते चिन्ह एवढेच सांगते की, ब्राउझर आणि त्या संकेतस्थळादरम्यानची माहिती वाटेत कोणाला वाचता येणार नाही. पलीकडे कोण बसले आहे, हे ते सांगत नाही. त्यासाठीचे प्रमाणपत्र २०१५ पासून मोफत मिळू लागले आहे आणि ते भामट्यांनाही मिळते. क्रोमने २०२३ मध्ये संगणकावरील हे कुलूप काढून टाकले, ते योग्यच झाले.

खरी ओळख पत्त्यात असते. ‘आपलीबँक.बँक.इन.केवायसी.शॉप/लॉगिन’ असा पत्ता आला, तर पहिल्या तिरप्या रेघेपासून डावीकडे वाचत जावे: हे पान ‘केवायसी.शॉप’च्या मालकाचे आहे, बँकेचे नव्हे. रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ हा शेवट फक्त बँकांसाठी राखून ठेवला आहे, पण तो खरोखर शेवटी असला तरच त्याला अर्थ आहे. ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड येथे उपयोगी पडतो, कारण पान हुबेहूब असले तरी पत्ता जुळल्याशिवाय ब्राउझर तो आपणहून भरत नाही.