अप्रशिक्षित शिक्षक, अठरा महिन्यांची पदविका आणि तिच्या वैधतेचा वाद

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत आधी वर्गावर रुजू होऊन मागाहून प्रशिक्षण घेणारे शिक्षक पूर्वीपासून आहेत. दोन्ही मिळून एकच जिल्हा होता त्या काळी व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, उत्तीर्ण झालेल्या तरुणाला प्राथमिक शाळेवर नेमले जाई. पुढे 2000 नंतर जत, आटपाडी, माण यांसारख्या तालुक्यांतील विखुरलेल्या वस्त्यांसाठी वस्तीशाळा निघाल्या. त्यांवरील स्वयंसेवकांना निमशिक्षक म्हटले जाऊ लागले, त्यांच्यापैकी अनेकांनी नोकरीत राहूनच डी.एड. पूर्ण केले आणि 2014 मध्ये त्यांना नियमित वेतनश्रेणीत घेण्यात आले. त्याआधीची त्यांची सेवा निवृत्तिवेतनासाठी धरली जात नाही, ही त्यांची तक्रार रास्त आहे.

सध्याचा गुंता मात्र शिक्षण हक्क कायद्यातून निर्माण झाला. 1 एप्रिल 2010 रोजी लागू झालेल्या या कायद्याने अप्रशिक्षित शिक्षकांना पात्रता मिळवण्यासाठी 5 वर्षे दिली होती. ती मुदत अपुरी पडल्यावर 2017 मध्ये दुरुस्ती झाली आणि 31 मार्च 2015 रोजी सेवेत असलेल्यांना 31 मार्च 2019 पर्यंत वाढ मिळाली. त्यांच्यासाठी केंद्राच्या मुक्त शिक्षण यंत्रणेने ऑक्टोबर 2017 पासून डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षक प्रशिक्षणाची पदविका सुरू केली. एरवी 2 वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम 18 महिन्यांचा करण्यात आला, कारण वाढीव मुदत संपायला तेवढेच महिने उरले होते. नोंदणीसाठी शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतील क्रमांक, आणि मुख्याध्यापकांची पडताळणी लागत असे, म्हणजे उमेदवार सेवेत आहे हे सरकारने आधीच तपासून घेतले होते.

तरीही या पदविकेवर नव्या नेमणुकीसाठी अर्ज करता येतो का, हा प्रश्न कोर्टात गेला. 2020 मध्ये एका उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2023 रोजी उत्तराखंडातील भरतीच्या प्रकरणात ती 2 वर्षांच्या पदविकेशी समकक्ष नसल्याचे ठरवले, आणि 10 डिसेंबर 2024 रोजी त्याच न्यायालयाने खुलासा केला की 10 ऑगस्ट 2017 रोजी सेवेत असलेल्या व 1 एप्रिल 2019 पूर्वी पदविका पूर्ण केलेल्या शिक्षकांना ती अन्य संस्थांतील नेमणुकीसाठी आणि बढतीसाठीही वैध राहील. मधल्या वर्षभरात कराड किंवा विट्यातील खासगी शाळेत वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या शिक्षिकेच्या हातातील प्रमाणपत्राचे मोल एका राज्याच्या भरतीवरील वादामुळे अनिश्चित झाले होते. कालावधी सरकारने ठरवला असताना त्याच्या कमतरतेची झळ उमेदवारांना बसावी, हे योग्य नव्हते.

याच्या जोडीला शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, आहेच. राज्यात ती पहिल्यांदा डिसेंबर 2013 मध्ये झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाने, निवृत्तीला 5 वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही ती 2 वर्षांत उत्तीर्ण होणे बंधनकारक झाले; अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला. त्यामुळे 18 महिन्यांची पदविका वैध ठरलेल्या शिक्षकांपैकी टीईटी न झालेल्यांना आता त्या परीक्षेची तयारी करावी लागत आहे.