वय झालेल्या मांजराला काय वाढावं?

आपल्याकडे वय झालं की जेवण हलकं करायची पद्धत आहे. आजोबांचं मटण सुटतं, रात्रीच्या भाकरीच्या जागी पेज येते, दात गेले की दूध-भात. बेळगावच्या शहापुरात काय किंवा खानापूरकडच्या एखाद्या खेड्यात काय, घरातलं मांजर दहा-अकरा वर्षांचं झालं की हाच नियम त्यालाही लागतो. ‘म्हातारी झाली की गं ती आता, दूध-भातच घाल. मासं कशाला?’ हे आपल्या सीमाभागात घरोघरी ऐकू येतं. त्यामागची माया खरी आहे. पण मांजराच्या शरीराची रीत माणसापेक्षा फार वेगळी आहे, आणि नेमक्या या वयात हलकं खाणं त्याला बाधतं. दुकानातून ओलं खाणं, म्हणजे पाऊच किंवा डबा, आणतानाही हाच समज आड येतो. मांजर धडधाकट असताना केवळ वयाकडे बघून ‘लाइट’ लिहिलेलं, कमी प्रथिनांचं पाकीट उचललं जातं.

मांजर पक्कं मांसाहारी. आपण एक दिवस डाळ-उसळ कमी खाल्ली तर आपलं यकृत प्रथिनं जाळण्याचा वेग कमी करतं आणि असलेलं जपून वापरतं. मांजराच्या यकृताला हे फारसं जमत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की खाण्यात प्रथिनं कमी असोत की जास्त, ती जाळणारी मांजराची विकरं (एन्झाइम) जवळपास त्याच वेगानं काम करत राहतात. ताटातून प्रथिनं आली नाहीत तर मग ती स्वतःच्या स्नायूंतून काढली जातात. त्याच संशोधकांनी पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट समोर आणली. आर्जिनीन हे एकच अमिनो आम्ल वगळलेलं खाणं मांजरानं एकदा जरी खाल्लं, तरी काही तासांत त्याच्या रक्तात अमोनिया साचतो, उलट्या होतात, झटके येतात. इतकं हे शरीर मांसावर अवलंबून आहे.

खानापूरकडे भातात उंदीर होऊ नयेत म्हणून मांजर पाळतात. उंदीर मारून जगणाऱ्या मांजराच्या पोटात काय जातं, याचा हिशेब शास्त्रज्ञांनी मांडला आहे. मोकाट मांजरांना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण ५२ टक्के प्रथिनांतून येते, ४६ टक्के चरबीतून, आणि पिठूळ पदार्थांतून जेमतेम २ टक्के. शिवाय उंदराच्या अंगात ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण दूध-भाताचं गणित बरोबर याच्या उलटं आहे. त्यात मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं ते वेगळंच.

आता वयाकडे येऊ. पशुवैद्यकांच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार सात ते दहा वर्षांचं मांजर पोक्त, आणि दहाच्या पुढचं ज्येष्ठ. पोक्त वयात हालचाल मंदावते, ऊर्जेची गरज घटते आणि बरीच मांजरं अंगानं सुटतात. तेव्हा खाणं थोडं आवरतं घ्यावं हे बरोबरच आहे. पण साधारण अकरा-बारानंतर पारडं फिरतं. बारा वर्षांवरच्या सुमारे एक तृतीयांश मांजरांना चरबी नीट पचेनाशी होते. चौदाच्या पुढे पाचातल्या एकाची प्रथिनं पचवण्याची ताकदही कमी होते. म्हणजे तितकंच खाऊन अंगाला कमी लागतं. पाठीचा कणा हाताला लागायला लागतो, मागच्या मांड्या उतरतात, उडी मारताना मांजर क्षणभर थबकतं. हे ‘वय झालं’ म्हणून सोडून द्यायचं नसतं, अंगातलं मांस कमी होत असल्याची ती खूण असते. निरोगी म्हाताऱ्या मांजराला प्रथिनं जास्त आणि सहज पचतील अशी हवीत. प्रथिनं मोजून देण्याचा सल्ला मूत्रपिंडाचा आजार तपासणीत दिसल्यावर आणि डॉक्टरांनी सांगितल्यावर पाळायचा असतो. खबरदारी म्हणून तो आधीच लागू केला तर फायदा काही होत नाही, मांस मात्र झडतं.

मूत्रपिंडाचं नाव आलंच आहे तर पाण्याचं बोलू, कारण ओल्या खाण्याचा सगळ्यात मोठा गुण तोच. मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातले रानमांजर. मूत्र अतिशय घट्ट करून पाणी वाचवणं आणि तहान कमी लागणं, या दोन्ही गोष्टी आपल्या अंगणातल्या मनीकडे तिथूनच आल्या आहेत. चार किलोच्या मांजराला दिवसाला सगळं धरून २०० मिलीलिटरच्या आसपास पाणी लागतं. त्यानं दिवसभराचं पोट फक्त दुकानातल्या कोरड्या दाण्यांवर (ड्राय फूड) भरलं, म्हणजे पंचावन्नेक ग्रॅम, तर त्यातून पाच-सहा मिलीलिटर पाणी मिळेल, बाकी सगळं वाटीतून प्यायला हवं. तेवढीच ऊर्जा ओल्या खाण्यातून घेतली तर साधारण २५० ग्रॅम खावं लागतं, आणि त्यातच २०० मिलीलिटर पाणी येऊन जातं. दहा वर्षांवरच्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट आजार ३० ते ४० टक्क्यांना आढळतो. ओल्या खाण्यानं तो टळतोच असं म्हणता येणार नाही. पण मूत्र पातळ राहणं, मूत्राशयात खडे होण्याची शक्यता घटणं, बद्धकोष्ठ कमी होणं, हे फायदे म्हाताऱ्या मांजराला नक्की मिळतात.

दुकानात मात्र खरी परीक्षा. बेळगाव शहरात आता पाच-सहा तऱ्हेची पाऊच सहज मिळतात. पुढच्या बाजूला चकचकीत फोटो, मागच्या बाजूला मुंगीएवढी अक्षरं, आणि तीही मराठीत किंवा कन्नडमध्ये नाहीत. तरी पाकीट उलटंच करायचं. पहिली गोष्ट शोधायची ती ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द आणि त्यासोबत ‘अ‍ॅडल्ट’ किंवा ‘ऑल लाइफ स्टेजेस’. म्हणजे मांजर केवळ यावर जगू शकेल. त्याऐवजी ‘कॉम्प्लिमेंटरी’ असेल तर ते तोंडी लावणं आहे, मुख्य जेवण नाही. दोन्ही शब्द घाईत सारखे दिसतात आणि दोन्ही पाऊच एकाच फळीवर असतात, म्हणून थांबून वाचावं. सुंदर चिकनचे तुकडे दिसणारी कितीतरी पाकिटं दुसऱ्या प्रकारात मोडतात.

दुसरी गोष्ट प्रथिनांचा आकडा, आणि तो आहे तसा वाचून चालत नाही. समजा एका पाऊचवर ‘क्रूड प्रोटीन ८ टक्के, मॉइश्चर ८४ टक्के’ लिहिलंय, आणि शेजारच्यावर ‘प्रोटीन ७ टक्के, मॉइश्चर ८० टक्के’. वरवर फरक एका टक्क्याचा. पण पाणी वजा करून बघा. पहिल्यात १०० ग्रॅममधले ८४ ग्रॅम पाणी गेले, उरले १६ ग्रॅम, त्यातले ८ प्रथिनांचे, म्हणजे ५० टक्के. दुसऱ्यात उरले २० ग्रॅम, त्यातले ७ प्रथिनांचे, म्हणजे ३५ टक्के. आणि ज्या कोरड्या पिशवीवर ‘प्रोटीन ३० टक्के’ असं ठळक लिहिलेलं असतं, तीत १० टक्के पाणी धरलं तर आकडा येतो ३३. दिसायला सगळ्यात मोठा, हिशेबात सगळ्यात लहान. पाकिटावरचे आकडे प्रथिनांसाठी किमान आणि पाण्यासाठी कमाल असतात, त्यामुळे उत्तर अंदाजाचंच, पण दोन पाकिटांत निवड करायला तेवढं पुरतं. अमेरिकी मानकात प्रौढ मांजरासाठी किमान मर्यादा २६ टक्के आहे. ती तगण्यापुरती. म्हाताऱ्या पण निरोगी मांजरासाठी माझं मत असं की ४० च्या खाली उतरू नये.

‘सीनियर’, ‘७+’, ‘११+’ या शिक्क्यांवर विसंबू नये. वाढीचं वय आणि प्रौढ वय यांसाठी त्या मानकात पोषणाचे वेगवेगळे तक्ते आहेत, ज्येष्ठांसाठी असा तक्ताच नाही. त्यामुळे एका कंपनीच्या ‘सीनियर’ खाण्यात प्रथिनं वाढवलेली असतात, दुसरीच्यात कमी केलेली. चांगलं ‘अ‍ॅडल्ट’ पाऊच फालतू ‘सीनियर’ पाऊचपेक्षा केव्हाही बरं.

तिसरी गोष्ट फॉस्फरस, आणि हिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही याची मला खंत वाटते. मांसात आणि हाडात असतो तो फॉस्फरस हळूहळू शोषला जातो. ओल्या खाण्याचा पोत नीट राहावा म्हणून काही वेळा विरघळणारी फॉस्फेट घालतात, ती मात्र झटकन रक्तात उतरतात. म्युनिकच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी मांजरांना चार आठवडे फॉस्फेट भरपूर असलेलं खाणं दिलं, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडाच्या कामात बिघाड दिसू लागला. म्हणून घटकांच्या यादीत ‘सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट’, ‘डायसोडियम फॉस्फेट’ अशी नावं दिसली तर म्हाताऱ्या मांजरासाठी ते पाकीट रोज आणू नये. फॉस्फरसचं प्रमाण छापलेलं नसेल तर कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर विचारावं.

मासे? कारवार, गोवा, मालवणची मासळी बेळगावात येते आणि कॅम्पातल्या मासळी बाजाराभोवतीची मांजरं त्यावर पोसली जातात, हे खरं. मांजराला गोड चव कळत नाही, ती ओळखणारं जनुक त्याच्यात निकामी आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. मांसातली खमंग चव मात्र त्याला छान कळते, आणि २०२३ च्या एका अभ्यासात दिसलं की ही चव ओळखणारे त्याच्या जिभेवरचे ग्राहक (रिसेप्टर) ज्या घटकांच्या जोडीला सर्वाधिक प्रतिसाद देतात, ती जोडी ट्यूनासारख्या माशांत भरपूर असते. म्हणून ते माशांवर तुटून पडतं. पण निव्वळ मासळीवर ठेवू नये. काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं, आणि तारल्यांसारखी तेलकट मासळी रोज भरपूर गेली तर ई जीवनसत्त्व कमी पडून अंगातल्या चरबीला सूज येते. खारवलेली सुकी मासळी तर नकोच. चिकनचं पाऊच मुख्य ठेवावं, माशांचं अधूनमधून. घरच्या रश्श्यातला तुकडा धुऊनही देऊ नये. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात.

निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात जैन आणि लिंगायत घरं पुष्कळ, जिथं अंडंसुद्धा आत येत नाही, आणि मांजर मात्र लाडकं असतं. त्याला दही-भात, दूध-चपाती मिळते. टॉरिन हा घटक मांजराला अन्नातूनच घ्यावा लागतो, आणि धान्य-भाज्यांत तो जवळपास नसतोच. तो कमी पडला की डोळ्याचा पडदा खराब होतो. हृदयाचा स्नायूही ताणला जाऊन दुबळा होतो, हे डेव्हिसच्याच संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवलं आणि त्यानंतर मांजराच्या तयार खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवणंही मांजराला जमत नाही. अशा घरांना बंद पाऊच हा चांगला मार्ग आहे. परसात वेगळी वाटी, वेगळा चमचा, आणि मांस शिजवण्याचा प्रश्नच नाही. ज्यांनी तो मार्ग काढलाय त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

खर्चाचं म्हणाल तर ऐंशी-पंच्याऐंशी ग्रॅमचं एक पाऊच ४०-५० रुपयांच्या घरात. मध्यम मांजराला दिवसाला तीन लागली तर महिन्याला ४,००० च्या आसपास गेले, आणि हे सगळ्यांना झेपणारं नाही. सकाळ-संध्याकाळ एकेक पाऊच आणि मध्ये थोडे कोरडे दाणे, हा मध्यममार्ग उत्तम चालतो. पाऊचमध्ये चमचाभर कोमट पाणी मिसळलं तर आणखी चांगलं. मसाला-मीठ न घालता उकडलेलं चिकन वरखर्चासारखं चालेल, पण त्यावरच ठेवलं तर कॅल्शियम फार कमी पडतं.

फोडलेलं पाऊच फ्रिजमध्ये झाकून ठेवावं आणि देताना वाटी गरम पाण्यात धरून कोमट करावी. म्हातारपणी वास कमी येतो, आणि थंडगार खाण्याला वासच नसतो. उन्हाळ्यात वाढलेलं ओलं खाणं तासाभरानं उचलून टाकावं. मुंग्यांसाठी वाटी पाणी घातलेल्या ताटलीत ठेवली की झालं. आपल्याकडच्या पावसात कोरडे दाणेही ओल धरतात आणि बुरसतात, तेव्हा ते घट्ट झाकणाच्या डब्यातच हवेत.

महिन्यातून एकदा मांजर कडेवर घेऊन काट्यावर उभं राहावं आणि आपलं वजन वजा करून आकडा कॅलेंडरवर लिहावा. खाणं वाढूनही वजन उतरत असेल तर थायरॉइड किंवा मधुमेह असू शकतो. पाणी आणि लघवी वाढली असेल तर मूत्रपिंड तपासायला हवं. दहाच्या पुढे सहा महिन्यांनी रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. आपल्याकडचे बरेच डॉक्टर गाई-म्हशींच्या कामात असतात, तेव्हा तपासण्यांचं नाव आपणच काढावं: मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, थायरॉइडसाठी टी-४, लघवीची घनता, आणि सोय असेल तर रक्तदाब.

नवं खाणं एकदम बदलू नये. आठ-दहा दिवसांत जुन्यात थोडं थोडं मिसळत जावं. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून ताट अडवून ठेवणं मांजराच्या बाबतीत धोक्याचं आहे. त्याचं पोट दोन-तीन दिवस रिकामं राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठून ते निकामी होऊ शकतं, विशेषतः मांजर लठ्ठ असेल तर. मांजर नवं खाणं खात नसेल तर जुनं लगेच परत सुरू करावं, आणि त्यालाही तोंड लावलं नाही तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.