चिलखत चढवलं की डोंगा कलंडतो कशाने?

वैनगंगेकाठी नवख्या माणसाला डोंग्यात, म्हणजे छोट्या लाकडी नावेत घेतलं की ढिवर (मासेमार नावाडी) पहिल्यांदा ओरडणारच: "बस ना बे, उभा काहून राह्यला!" साध्या नौकेवर पत्रे आणि बंदुका चढवून तिची गस्ती नौका करणाऱ्या अभियंत्यालाही हाच घोर असतो.

हिशेब करून बघू. सहा मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला सुमारे ४७ किलो. सहा मीटर लांब नावेच्या दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटर उंच पत्रा लावला, तर ३४० किलो झाले. म्हणजे पाच माणसं कायमची काठावर चढवून ठेवल्यासारखं. एवढ्याने नाव पाण्यात जेमतेम पाच सेंटिमीटर खाली जाते. ते चालतं. पंचाईत होते ती उंचीची.

नाव कलली की पाण्याचा वर लोटणारा जोर कललेल्या बाजूकडे सरकतो. या जोराची उभी रेषा नावेच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तो बिंदू म्हणजे मेटासेंटर. गुरुत्वमध्य, म्हणजे नावेचं सगळं वजन जिथे एकवटल्यासारखं वागतं तो बिंदू, त्याच्या खाली असेल तर नाव सावरते; वर गेला की आडवी होते. वर लावलेला पत्रा हा गुरुत्वमध्यच वर ओढतो. १८७० साली ब्रिटिश आरमाराची 'कॅप्टन' ही भली मोठी युद्धनौका स्पेनजवळ वादळात उलटली, ती अशाच दोषाने. वजन आराखड्याबाहेर गेलेलं, काठ पाण्याच्या फार जवळ आलेला, वर शिडांचा भार. पावणेपाचशेच्या आसपास माणसं बुडाली, तिचा आराखडा करणारे कोल्सही त्यांतच.

व्हिएतनाममध्ये १९६६पासून नद्यांवर फिरलेल्या अमेरिकी 'पीबीआर' (पेट्रोल बोट, रिव्हर) या गस्ती नौकांनी सगळीकडे चिलखत चढवायचा मोह टाळला. सांगाडा हौशी लोकांच्या फायबरग्लास बोटीचा, लांबी ३१ फूट. सिरॅमिकचं चिलखत फक्त सुकाणूवाला आणि बंदूकवाले यांच्यापुरतं. बाकी भिस्त वेगावर. पंख्याऐवजी पाण्याचा झोत मागे फेकणारे पंप होते, त्यामुळे दोनेक फूट पाण्यातही चालायच्या. आमच्या पूर्व विदर्भातल्या जुन्या मालगुजारी तलावांतही उन्हाळ्याआधी निभावल्या असत्या!

बंदुकीचा धक्का हे आणखी एक लचांड. जड मशीनगनची साधारण ४५ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८९० मीटर वेगाने सुटते. सेकंदाला आठ गोळ्या धरल्या तर नुसत्या गोळ्यांचाच सरासरी उलटा रेटा ३० किलोच्या वर जातो. हा रेटा जितका उंचावरून आणि आडवा बसेल, तितकी नाव जास्त कलते. म्हणून पीबीआरची पुढची जोडबंदूक टपावर ठेवली नव्हती. नाळेत, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकात खड्डा करून बंदूकवाल्यासकट खाली बसवली होती.