मर्देका

मर्देका हा मलय आणि इंडोनेशियन भाषांतील रोजच्या वापरातला शब्द. अर्थ ‘स्वतंत्र’, दुसऱ्याच्या ताब्यात वा सत्तेखाली नसलेला. तो संस्कृत ‘महर्द्धिक’ या शब्दापासून आला. ‘ऋद्धि-सिद्धी’तली ऋद्धी ती हीच. म्हणजे मुळात हा ऐश्वर्यवान, सामर्थ्यवान माणसाचा शब्द.

तो सामान्यांचा कसा झाला, हा त्याच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग. जाव्यात धर्मस्थळे आणि समाधी सांभाळणाऱ्या गावांना करमाफी असे. त्यांना याच शब्दापासून ‘पर्दिकान’ हे नाव पडले. आपल्याकडच्या देवस्थान इनामांशी ही व्यवस्था ताडून पाहण्याजोगी आहे. बोजातून सुटका हा अर्थ इथे स्पष्ट दिसतो. पुढे १७व्या शतकात डच अमलाखालील बटाव्हियात (आजचे जाकार्ता) गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना ‘मार्डायकर’ म्हणू लागले. त्यांपैकी अनेकांचे पूर्वज बंगाल, मलबार आणि कोरोमंडल किनाऱ्यावरून आणलेले होते. एकेकाळी पोर्तुगीज बोलणाऱ्या या ख्रिस्ती समाजाची तुगू ही वस्ती उत्तर जाकार्तात आजही असून तिथली क्रोंचोंग गाणी प्रसिद्ध आहेत. मालकाने सोडलेल्या गुलामाची ही ओळख पुढे साऱ्या देशाची मागणी बनली. फिलिपिन्समध्ये मात्र याच मुळाच्या ‘महार्लिका’ शब्दाला आज ‘उमराव’ हा अर्थ आहे.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो यांनी वाचलेल्या इंडोनेशियाच्या स्वातंत्र्याच्या घोषणापत्रात ‘कमर्देकाआन’ (स्वातंत्र्य) हा शब्द आहे. डचांविरुद्धच्या पुढच्या लढ्यात ‘मर्देका!’ हे अभिवादनही होते आणि ‘मर्देका आताउ माती’, म्हणजे स्वातंत्र्य किंवा मरण, ही घोषणा होती. मलायात (आजच्या मलेशियाचा भाग) ३१ ऑगस्ट १९५७ रोजी, स्वातंत्र्याच्या दिवशी, क्वालालंपूरच्या मर्देका स्टेडियमवर पंतप्रधान तुंकू अब्दुल रहमान यांनी सात वेळा ‘मर्देका’ची आरोळी दिली आणि जमलेल्या लोकांनी ती उचलून धरली. मलेशियात तो दिवस ‘हारी मर्देका’ म्हणून साजरा होतो.

‘बेबास’ (मुक्त, मोकळा) हा जवळचा शब्द; पण दोन्ही सरसकट अदलाबदलीने वापरता येत नाहीत. करमुक्त वस्तू किंवा धूम्रपानमुक्त जागा सांगताना ‘बेबास’च येतो. पारतंत्र्यातून सुटलेल्या राष्ट्राला मात्र ‘मर्देका’ म्हणतात. ‘ममर्देकाकान’ म्हणजे मुक्त करणे. इंडोनेशियातील ‘कुरिकुलुम मर्देका’ या शालेय अभ्यासक्रमाच्या नावातला ‘मर्देका’ शिक्षकांना अध्यापनात दिलेली मोकळीक सुचवतो.