सत्तर टक्क्यांचा आकडा आणि 'परत आलेल्या' आठवणींचा वाद

लहानपणच्या अत्याचाराची केस कोर्टात उभी राहिली की बचाव पक्षाचा एक्सपर्ट हमखास विद्यापीठातले मेमरीवरचे प्रयोग काढतो. 'खोट्या आठवणी सहज पेरता येतात, सत्तर टक्के लोकांत पेरल्या गेल्या' हे वाक्य आता इतकं फिरलंय की मूळ रिसर्च पेपर कुणी उघडूनही बघत नाही. म्हणून हा मागचा इतिहास.

दडपलेल्या आठवणींची कल्पना, म्हणजे धक्कादायक घटना मन दडपून टाकतं आणि ती कित्येक वर्षांनी परत आठवते ही, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नातल्या फ्रॉइडने मांडली, आणि त्यानेच ती लवकर बरीचशी मागे घेतली. खरी गडबड अमेरिकेत १९८० नंतर. तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने १९८५ मध्येच सांगितलं होतं की हिप्नोसिसने ताज्या केलेल्या आठवणींवर भरवसा ठेवू नका. तरी थेरपीत हिप्नोसिस, डोळे मिटून कल्पना करायला लावणं, इंजेक्शन देऊन बोलतं करणं हे चालूच राहिलं. १९८९ मध्ये वॉशिंग्टन राज्याने कायदा बदलला, दावा करायची मुदत अत्याचार झाल्यापासून नाही तर त्याची जाणीव झाल्यापासून मोजायची. ज्या बायकांना वीस-तीस वर्षं कुणी विचारलंच नव्हतं त्यांच्यासाठी दार पहिल्यांदा उघडलं, आणि हे फार मोठं पाऊल होतं.

पण त्याच दारातून दुसऱ्याही केसेस आत आल्या. कॅलिफोर्नियात १९९० मध्ये एका माणसाला १९६९ च्या खुनासाठी शिक्षा झाली, पुरावा म्हणजे मुख्यतः त्याच्या मुलीला वीस वर्षांनी आलेली आठवण. ती सांगत होती त्यातले तपशील त्या काळच्या वर्तमानपत्रांत छापून आलेले होते, पण ती कात्रणं ज्यूरीसमोर आणूच दिली नाहीत. १९९५ मध्ये शिक्षा रद्द झाली, त्यात हाही एक मुद्दा होता. १९९४ मध्ये त्याच राज्यात एका बापाने, मुलीच्या डोक्यात अत्याचाराच्या खोट्या आठवणी भरल्या म्हणून, तिच्या थेरपिस्टांवर केस करून पाच लाख डॉलर मिळवले.

मग लॅब मैदानात उतरली. १९९५ च्या छोट्या प्रयोगात २४ जणांना घरच्यांकडून घेतलेले तीन खरे प्रसंग आणि 'तू लहानपणी मॉलमध्ये हरवला होतास' हा एक बनावट प्रसंग दिला. सुमारे एक चतुर्थांश लोकांना तो पूर्ण किंवा थोडाफार 'आठवला'. त्याच्या वर्षभर आधी आलेला दुसरा स्टडी मात्र कोर्टात फारसा ऐकू येत नाही, आणि हे मला अजिबात पटत नाही. त्यात लहानपणी अत्याचार झाल्याची हॉस्पिटलात नोंद असलेल्या १२९ बायकांना सतरा वर्षांनी भेटून विचारलं, तर ३८ टक्के बायकांनी ती घटना सांगितलीच नाही. त्यातल्या काही तेव्हा अगदी लहान होत्या, काहींना कदाचित सांगायचंच नसेल, हे आक्षेप बरोबर आहेत. पण घटना खरी होती याला हॉस्पिटलचा कागद आहे, असा कागद मॉलवाल्या प्रयोगांमध्ये कुठून येणार?

आता तो सत्तरचा आकडा. तो २०१५ मधल्या, कॅनडातल्या एका विद्यापीठातल्या प्रयोगाचा. विद्यार्थ्यांना आठवड्याच्या अंतराने तीन मुलाखतींत सांगितलं गेलं की तू ११ ते १४ वयात चोरी किंवा मारामारी केली होतीस, पोलिसांपर्यंत गेलं होतं. असं काही घडलेलंच नव्हतं. ३० पैकी २१ जणांना खोटी आठवण झाली असं त्यांच्या रिसर्च पेपरात आलं आणि बातम्या जगभर गेल्या. भांडण आहे ते मोजायचं कसं यावर. मूळ पेपरात ज्याने पुरेसे तपशील दिले आणि 'हो, हे झालं असावं असं वाटत होतं' असं म्हटलं तो धरला गेला. पण 'झालं असेल बुवा, तुम्ही म्हणताय तर' असं म्हणून अंदाजाने चित्र रंगवणं वेगळं आणि ते प्रत्यक्ष आठवणं वेगळं. २०१८ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच जुन्या मुलाखती पुन्हा तपासल्या, विश्वास आणि आठवण वेगवेगळी मोजली, आणि आकडा आला २६ ते ३० टक्के. बोलणं तेच, माणसं तीच, फक्त कप्पे बदलले! त्याआधी २०१७ मध्ये आठ स्टडी एकत्र करून ४२३ मुलाखती तपासल्या होत्या, तिथेही खोटी आठवण ३०.४ टक्के आणि नुसतं मान्य करणारे आणखी २३ टक्के निघाले. म्हणजे तीसच्या आसपास हेच जास्त टिकणारं आहे. तीस टक्केही कमी नाहीत, पोलिस चौकशीच्या दृष्टीने तर ते गंभीरच आहे, कारण न केलेला गुन्हा कबूल करायला आठवण लागत नाही, विश्वास पुरतो. पण पीडितेसमोर सत्तर म्हणून फेकायचं आणि तीस लपवायचं हे चुकीचंच.

आरोग्याच्या बाजूने हा विषय मिटलेला नाही. २०१३ च्या मानसिक आजारांच्या अमेरिकन मॅन्युअलमध्ये धक्क्यानंतरचा विस्मरणाचा आजार अजून आहे, आणि मेमरीवाले बरेच जण त्यावर नाराज आहेत. कायदा मात्र हळूहळू या भांडणाला बगल देतोय. न्यूयॉर्कने २०१९ मध्ये पीडितांना दिवाणी दाव्यासाठी वयाच्या ५५ पर्यंत मुदत दिली आणि मुदत संपलेल्या जुन्या केसेससाठी वेगळी खिडकी उघडली. त्यासाठी 'विसरले होते, मग आठवलं' असं सिद्ध करावं लागत नाही, कारण गप्प राहिलेल्या कितीतरी जणांना सगळं आधीपासून आठवतच होतं.