चिलटाची जनुके आणि ‘छाया’ हे नाव

सोलापूरकडे फळमाशी म्हटले की पेरू-आंब्याच्या बागेत सापळे लावून धरायची माशी आठवते. जनुकशास्त्राची फळमाशी ती नव्हे. सडक्या डाळिंबांच्या ढिगावर घोंघावणारी तांबड्या डोळ्यांची चिलटे असतात ना, ती ड्रॉसोफिला. १९१० साली तिच्यात पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि पुढची सत्तर वर्षे सारे लक्ष जनुकांवरच राहिले.

जनुक कोणत्या ऊतीत जागे व्हायचे हे ठरवणारे डीएनएचे तुकडे हाती लागले ते १९८०च्या दशकात. १९८१ मध्ये एका विषाणूत ‘एन्हान्सर’ सापडला. मराठीत त्याला वर्धक म्हणतात, पण या शब्दाने नुसता जोर वाढल्यासारखे वाटते. माशीत त्याचे खरे काम ठिकाण आणि वेळ ठरवण्याचे आहे. १९८२ पासून बाहेरचे जनुक माशीत कायमचे बसवता येऊ लागले. मग संशयित तुकडा निळा रंग देणाऱ्या जिवाणूच्या जनुकाला जोडायचा आणि भ्रूणात निळे कुठे उमटते ते पाहायचे, ही रीत रुळली. ‘इव्हन-स्किप्ड’ जनुक भ्रूणात सात पट्ट्यांत जागे होते; १९९२ साली त्यांतला दुसरा पट्टा डीएनएच्या जेमतेम ४८० अक्षरांच्या तुकड्यातून उलगडला: दोन प्रथिने जनुक चालू करतात आणि दुसरी दोन पट्ट्याच्या कडा राखतात. एक तुकडा, एक जागा हे चित्र तिथून मनात पक्के बसले.

२००८ मध्ये त्याला तडा गेला. जनुकाजवळच्या वर्धकाखेरीज दूरवर दुसरा तुकडा त्याच पेशींत तेच काम करताना दिसला. त्याला नाव पडले ‘छाया-वर्धक’. माझ्या मते या नावाने नुकसान केले. जवळचा, आधी सापडलेला तो मुख्य आणि नंतरचा ती त्याची सावली, हा क्रम आपल्या शोधाचा होता. माशीच्या शरीरात तसा क्रम असल्याचा पुरावा नव्हता. सावली म्हटल्यावर ती काढली तरी चालेल असे वाटणारच.

प्रयोगशाळेत तसे वाटायला कारणही होते. माश्या वाढवतात २५ अंशांवर, आणि ते तापमान सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये थंड कपाटाशिवाय मिळत नाही. २०१० मध्ये अळीच्या अंगावरचे बारीक केस घडवणाऱ्या ‘शेव्हनबेबी’ जनुकाचे छाया-वर्धक कापून पाहिले गेले. २५ अंशांवर केस जवळपास तितकेच उगवले. मात्र १७ आणि ३२ अंशांवर ते ठळकपणे कमी झाले. म्हणजे ज्याला सावली म्हटले, तोच कडाक्यात आणि उन्हात घडण सांभाळत होता. आमच्याकडचा पारा चाळिशीपार जातो. बाहेरचे चिलट २५ अंशांच्या बाटलीत जगत नाही, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

पुढच्याच वर्षी ‘स्नेल’ जनुकाबाबत तर क्रमच उलटला. तिथे दूरच्या, छाया म्हटलेल्या तुकड्याशिवाय भागत नाही आणि जवळचा तुकडा त्याच्या जोराला आवर घालतो, असे आढळले. नाव मात्र छायाच राहिले.