इंजिनिअरिंग जर्नलला पेपर पाठवताना: पात्रता, कागदपत्रं आणि अडणाऱ्या जागा

चिऱ्याची (जांभ्या दगडाची) ताकद किंवा खाऱ्या हवेत गंजणाऱ्या सळ्या, असे विषय कोकणातल्या कॉलेजांना दारातच मिळतात. काम बरं असूनही पेपर परीक्षकांपर्यंत न जाता संपादकाकडूनच परत येतो, तो बहुतेकदा पुढच्या गोष्टींमुळे.

पात्रतेला पदवीची अट नाही. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थीही लेखक होऊ शकतो. आयट्रिपलई (IEEE) या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेच्या अटी तीन: कामात भरीव बौद्धिक वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता. विभागप्रमुखांनी लॅब उघडून दिली, तर त्यांचे आभार माना. तेवढ्यावर ते लेखक होत नाहीत. नावं आणि क्रम आधीच पक्के करा. नंतर बदलायचे तर सर्व लेखकांची लेखी संमती मागतात, आणि पास होऊन आखातात गेलेला मुलगा तोवर फोन उचलेनासा होतो.

जर्नल निवडताना अजूनही ‘यूजीसी-केअरमध्ये आहे का?’ असं विचारतात. मान्य जर्नलांची ती यादी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2025 मध्ये बंद केली. स्कोपस ही जर्नलांची नोंद ठेवणारी सूची; तिचा लोगो कुणीही वेबसाइटवर चिकटवतो, म्हणून स्कोपसच्या साइटवर आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक) टाकून जर्नल चालू वर्षापर्यंत घेतलं जातंय का ते बघा.

सगळ्यात जास्त अडतं ते परवानगीपत्र, कारण ते कुणाकडेच नसतं. बंदरातल्या भरती-ओहोटीच्या नोंदी, बांधकाम खात्याकडचे पुलाचे नकाशे, खासगी चिरेखाणीतले नमुने: ‘साहेब हो म्हणाले’ हा पुरावा होत नाही. मोजमाप सुरू करण्याआधीच अर्ज द्या, त्यात ‘प्रकाशनासाठी’ हा शब्द घाला आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. साहेबांची बदली झाली की नव्या साहेबांना तोंडी होकार माहीत नसतो, आणि जुनी फाइल शोधायची हौस कुणालाच नसते.

‘स्थानिक चिरा वापरला’ एवढ्यावर परीक्षक थांबणार नाही. खाण कोणती, किती खोलीवरचा थर, किती नमुने, किती तास भिजवले, चाचणी ओल्यावर की सुक्यावर, हे लिहा. भिजलेल्या चिऱ्याची ताकद घटते. नुकता काढलेला मऊ असतो आणि हवेत कडक होत जातो. त्यामुळे काढल्यापासून किती दिवसांनी दाबला हे नसेल तर आकडे निरुपयोगी. सोबत आयएस 3620 या चिऱ्याच्या भारतीय मानकाशी तुलना द्या.

साधर्म्य (आधी छापलेल्या मजकुराशी जुळणारा भाग) 10 टक्क्यांखाली म्हणजे सुटलो, हा गैरसमज आहे. तो आकडा यूजीसीच्या 2018 च्या नियमांतला; जर्नलचा संपादक कोणता मजकूर जुळतोय ते बघतो. पद्धतीतलं एखादं ठरीव वाक्य चालून जाईल, निष्कर्षातला उचललेला परिच्छेद नाही.

ऑर्किड (ORCID, संशोधकाचा ओळख) क्रमांक, टेम्प्लेट, कव्हर लेटर हे तासाभराचं काम. फोटो मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले नकोत, ते दाबून लहान झालेले असतात. मूळ फाइल मागवा. लेखकांची नावं लपवायची असतील, तर आभार, फाइलचे गुणधर्म आणि फोटोतला कॉलेजचा बोर्डही काढा.

सुधारणेची मुदत निर्णयाच्या पत्राच्या तारखेपासून धरा, तुम्ही मेल उघडलात त्या दिवसापासून नाही. मध्ये गणपती आले की लॅब बंद आणि चाचणी लांबते, तर वाढीव मुदत संपण्याआधीच मागा. नंतर मागितली, तर तोच पेपर नवा म्हणून पुन्हा रांगेत लावला जाऊ शकतो.